आमिष बिस्किटांची खोली

मी, रुख्मिणी सुधाकरराव निखाडे, वय एकाहत्तर, राहणार बेला, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि दुपारचा चहा घेऊन लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलगा राजकुमार याने दबाव आणून पाहिला, पण त्याला तेही नीट जमत नाही.

कलम १. नाल्याकाठचे कपाशीचे शेत राजकुमारला द्यावे. त्याचे उत्पन्न तो आजही घेतोच. शेतात मात्र तो पोळ्याला फोटो काढण्यापुरता जातो, तेव्हा शेजारी अमृतराव यांनी त्याला एकदा बांध दाखवून द्यावा.

कलम २. राहते घर माझ्या नावावर आहे. यजमानांनी ते मुद्दाम माझ्या नावे घेतले, कारण त्यांचा स्वतःच्या स्वभावावर भरवसा नव्हता. मागचा भाग राजकुमारला. रस्त्याकडची खोली सून सुनयना हिला. याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण ही खोली राजकुमार मोबाईलवाल्याला भाड्याने देऊ पाहतो.

या खोलीत सुनयनाचा ओव्हन आहे. तो तिच्या आईने दिला, म्हणून तो निखाड्यांच्या मालमत्तेत धरू नये. फोनवर पाहून ती अमेरिकेतल्या अमिश नावाच्या लोकांची साखरेची बिस्किटे शिकली. ते लोक घरात वीज घेत नाहीत म्हणे. आमच्याकडे घेऊनही नसते, त्यामुळे ते मला पहिल्यापासून आपलेच वाटले. लोणी, पिठीसाखर, मैदा, आणि अंड्याऐवजी दही. साखरेत टेकवलेल्या पेल्याच्या बुडाने गोळा हलकेच दाबायचा आणि कडा तांबूस व्हायच्या आत बाहेर काढायचा, म्हणजे बिस्किट मऊ राहते. मोडताना आवाज आला नाही तर आपल्या लोकांना फसवल्यासारखे वाटते. माझ्या जाऊबाई मथुराबाई पहिला घास घेऊन “कच्चं राह्यलं वं” म्हणाल्या आणि कच्चे कच्चे म्हणत डबा संपवून गेल्या. मला दात उरलेले नाहीत. मला विचाराल तर बिस्किट असेच असावे.

गिऱ्हाईक वाढले तेव्हा राजकुमारने दारासाठी पाटी करून आणली. सुनयनाने कागदावर ‘अमिश’ असे लिहून दिले होते. दहावीला मराठीत वर्गात पहिला आल्याचा त्याला अजून अभिमान आहे. त्याने बायकोचे शुद्धलेखन सुधारले, आणि भल्यामोठ्या लाल अक्षरांत ‘घरगुती आमिष बिस्किटे’ अशी पाटी आमच्या दारावर लागली.

मथुराबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि आमिष म्हणजे मांस हे त्यांनी कीर्तनात ऐकलेले आहे. त्यांनी पाटी वाचली, आजवर रिकामे केलेले डबे आठवले आणि रस्त्यातच उभ्या राहून विचारले, “काऊन वं सुनयना, मटनाचे बिस्किटं चारून राह्यली काय आमाले?” देवळातल्या सप्ताहासाठी सांगितलेली बिस्किटे संध्याकाळच्या आत रद्द झाली. सुनयना जो येईल त्याला दह्याचे भांडे दाखवत होती. दही पाहायला कोणी आलेच नव्हते. चूक आपली आहे हे सांगायला राजकुमारने तोंड उघडले नाही. ओव्हन बंद कर म्हणायला मात्र उघडले. गावात तिने त्याचे नाक कापले, असे त्याचे म्हणणे. त्याचे नाक मी रोज पाहते, जागेवर आहे.

तेव्हापासून ती पोर घरात मुकाट्याने वावरते, आणि ते मला पाहवत नाही.

कलम ३. सदर पाटी राजकुमारला द्यावी. ती त्याची स्वकष्टार्जित मिळकत आहे.

कलम ४. माझी कवळी, जी मी एकदाही धड वापरली नाही, मथुराबाईंना द्यावी. त्यांना कडक बिस्किटे आवडतात.

कलम ५. बँकेतल्या पैशातून तेरवी साधी करावी, त्याहून जास्त ते नाहीत. तेरवीला माझ्या गुणांवर भाषण करायला राजकुमारला उभे करू नये. तो तिथेही कोणाचे तरी शुद्धलेखन सुधारील.

कलम ६. वरील मजकूर मी सुनयनाला वाचून दाखवला. मला वाटले, पोरगी पाया पडेल. ती म्हणाली, “आत्याबाई, म्हंजे खोलीसाठी मी तुमच्या मरनाची वाट पाहू काय?”

मी एवढी उदार झाले होते, पण माझ्या उदारपणाला आधी माझे प्रेत लागत होते. तोवर मोबाईलवाला आत येऊन बसला असता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने आदिलाबादला गेलो आणि त्या खोलीचे बक्षीसपत्र सुनयनाच्या नावे करून रजिस्ट्री केली. तिथले बाबू तेलुगूत विचारत होते, मी मराठीत सांगत होते, आणि मधे सुनयना दोघांनाही समजावत होती. तिला इतके बोलताना पाहून माझा जीव भांड्यात पडला.

तरी कलम २ मधील खोली आता माझी नाही. ते कलम खोडलेले नाही, कारण त्यातले कारण राजकुमारने निदान एकदा वाचावे. त्याला जे मिळायचे ते तो आजच वापरतो आहे, आणि सुनयनाला जे द्यायचे ते देऊन झाले. माझ्या मरणाची वाट पाहण्यात आता कोणाचाच फायदा उरलेला नाही. म्हणून मी सध्या जगायचे ठरवले आहे.

लिहून देणार : रुख्मिणी सुधाकरराव निखाडे (सही)

साक्षीदार :
१. अमृतराव ठावरी, शेजारी (सही)
२. पूनम भोयर, शिवणकाम, बेला (सही)

स्थळ : बेला
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५