वरच्या मजल्याची नोटीस

२ नोव्हेंबर, सकाळ
टक्-टक्, टक्-टक्. शाळेत सिस्टर पर्पेचुआ टेबलावर छडीनं ताल धरायच्या आणि आम्ही सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचो. साठ वर्षं झाली, आवाज अजून कानात आहे. त्याच तालावर आज नोटीस लिहिली. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू, मिसेस ओकेंडो यांना:
फुले वसंती फुलण्याआधी
सोडा अमुचा मजला वरचा.
वकील नको. असे शब्द हाताशी असताना वकील कशाला?
कारण नोरीन. लेक रविवारी ओरेगनहून फोनवर म्हणाली, बाबा, कधीकधी आपल्या ब्राँक्सची आठवण येते हो. म्हणजे येणार! वरचा मजला तिला. आत्ताच सांगायचं नाही. सरप्राइज.

५ नोव्हेंबर
मिसेस ओकेंडो जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, मिस्टर डीगन, कविता गोड आहे, पण मी जायचं कधी? तारीखच नाही यात. साध्या गद्यात दुसरी नोटीस दिली. फेब्रुवारीअखेर. काव्याला दिवस राहिले नाहीत.

२६ डिसेंबर
वरून तुरीच्या दाण्यांचा भात आला. शत्रूचं अन्न खायचं नाही असा निश्चय.
दुपारी खाल्ला. टाकून कसा देणार? भांडं परत करताना त्यांनी विचारलं, मीठ बरोबर होतं? कडक आवाजात सांगितलं, होतं.
नोरीनचा नाताळचा फोन घाईत झाला. येण्याबद्दल अवाक्षर नाही. तिचंही सरप्राइजच असणार.

९ मार्च
मुदत संपली. मिसेस ओकेंडो जागच्या हलल्या नाहीत. म्हणतात, बारा वर्षं राहिले, चर्च कोपऱ्यावर आहे, या गुडघ्यांनी कुठे जाऊ? मन घट्ट केलं. हाउसिंग कोर्टात केस घातली.
खिडकीतला कारकून म्हणाला, आजोबा, हे कागद तिसऱ्याच माणसानं बजावायचे, तुम्ही नाही. याला काय कल्पना! आयुष्यभर टपाल वाटलं मी. बर्फात वाटलं, कुत्री मागे लागली तरी वाटलं. आता एका जिन्यावरचं पाकीट पोचवायला माणूस लावू?
स्वतः वर गेलो. हातात दिलं. त्यांनी कॉफी केली. दुसरा कपही घेतला.

२७ मार्च
कोर्ट. कॉरिडॉरमध्ये उभं राहायला जागा नाही, वकील बाकांवरच तडजोडी उरकत होते. माझं भाषण तोंडपाठ: बाप, लेक, घरटं, शेवटी चार ओळी. गेला आठवडाभर आरशासमोर घोटवलं होतं.
जज्जबाईंनी एकच प्रश्न विचारला. यांना कागद कोणी दिले? छाती काढून म्हटलं, मी, स्वतः, त्यांच्या हातात! बाईंनी पेन खाली ठेवलं. केस रद्द. हवं तर पहिल्यापासून सुरू करा.
भाषण पोटातच राहिलं. परतताना बसमध्ये मिसेस ओकेंडो म्हणाल्या, मला ऐकवा की. ऐकवलं. घरट्यापर्यंत त्या जाग्या होत्या.
नैतिक विजय माझाच.

२८ मार्च, रात्र
नव्या नोटिशीला बसलो होतो. वृत्तही छान सापडलं होतं. तेवढ्यात बेल. दार उघडलं तर नोरीन! हातात बॅग! मी ओरडलो, बघ, म्हटलं नव्हतं येणार म्हणून!
ती म्हणाली, कोणाला म्हटलं होतंत? मिसेस ओकेंडोंचा फोन आला, तुझ्यासाठी मी घर सोडायचं ना, मग पडदे ठेवून जाऊ का, असं विचारत होत्या. बाबा, मी जानेवारीत ओरेगनलाच घर घेतलंय. आठवण येते म्हटलं, राहायला येते म्हटलं नव्हतं. चार दिवस आलेय, तुम्हाला आवरायला.
म्हटलं, बरं, आधी आत तर ये. बॅग ठेव.
बॅग तिनं ठेवली नाही. म्हणाली, मी वर उतरतेय, त्यांनी खोली तयार ठेवलीय. तुम्हालाही आठला जेवायला बोलावलंय. आणि त्यांनी मुद्दाम सांगितलंय, येताना काही लिहून आणू नका.