मिसचा रविवार

क्युरपिप,
ऑगस्ट १९८६

ती. आत्यास,
इंद्राणीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि चष्म्याचा नंबर बदलून घेतलास का, हे दोन्ही पुढच्या पत्रात लिही. (“बरं आहे” एवढंच लिहू नकोस. त्यातून काहीच कळत नाही.) मी ठीक आहे. मला काही लागत नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण तू माझ्या पत्रांत ते शेवटी शोधत बसतेस. ऑगस्टात इथे थंडी असते, हे तुला अजून पटत नाही, पण असते. क्युरपिपला पाऊस थंडीतही पडतो आणि उन्हाळ्यातही. आल्यापासून माझी छत्री पूर्ण वाळलेली मी पाहिलेली नाही.

तू विचारलंस की तिकडे सोबतीला कोण आहे. घरमालकीण आहे. ती खालच्या मजल्यावर राहते, फ्रेंच बोलते आणि दर रविवारी सकाळी लेकीकडे जाते. एवढ्यावर हा प्रश्न मिटला, असं मी समजत होते. तो कसा मिटला नाही ते सांगते.

स्वेटरच्या कारखान्यात माझं काम म्हणजे इतरांचं काम बघणं, हे तुला माहीत आहे. कोण उगाच उठतं, कोण सुताची वाट बघत बसून राहतं, काय फुकट जातं ते शोधायचं आणि रोज थोडं कमी करायचं. शोधायचं तेही मी नाही, काम करणाऱ्यांनीच. जपान्यांची पद्धत आहे. शिक्षण खात्यातल्या कुणीतरी कारखाना पाहिला आणि त्यांना वाटलं, शाळेतही हे व्हावं. म्हणून दर शनिवारी रोझ बेलजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना शिकवायला कारखान्याने मला उसनं दिलं. (मला निवडलं ते मराठीमुळे. तिथले बरेच शिक्षक मराठी घरांतले. पणजोबा कोकणातून उसाच्या कामाला आलेले. त्यांची मराठी तेव्हाची आणि माझी पुण्याच्या कॉलेजची, त्यामुळे आम्ही एकमेकांशी जरा सावकाश बोलतो.) अट एकच होती. सत्र संपताना इन्स्पेक्टर येणार, त्यांना एक सोडवलेली अडचण दाखवायची. नाही दाखवली तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद झाला तर डिसेंबरनंतर माझा करार वाढणार नाही, असं मॅनेजरने मला बिस्किटांची बशी पुढे करत सांगितलं. मला राहायचं आहे. काम मला आवडतं.

पहिल्या शनिवारी मी फळ्यावर रकाने आखले: अडचण, कारण, उपाय, जबाबदार, तारीख. खडू पुढे केला. कुणी घेतला नाही. हेडमास्तर राधाकृष्ण (निवृत्तीला आलेले, कोट कधी काढत नाहीत) सगळ्यांच्या वतीने म्हणाले, “मिस, इकडं सगलां बरां हाय. पेना प्रोब्लेम.” हे क्रिओल, इथली रोजची बोली. अडचण नाही, एवढाच अर्थ. या बेटावर बस चुकली, छप्पर उडालं, लग्न मोडलं तरी हेच म्हणतात. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. आता त्या शाळेत खडूंचं कपाट कुलूपबंद असतं, चावी राधाकृष्णांच्या कोटात असते, कोट त्यांच्या अंगावर असतो आणि ते पोस्टात असतात. तोवर सगळी शाळा नखाएवढ्या तुकड्यांनी लिहिते. मला ते दिसत होतं. पण मी बोलले तर ती माझी अडचण होते, त्यांची होत नाही. चौथीच्या विद्यावती मिसनी मला बसथांब्यावर समजावलं. (त्या संध्याकाळी देवळात मराठीचा वर्गही घेतात आणि बोलताना समोरच्याची बाही धरतात.) त्या खोलीत कोण कुणाचा मेहुणा, कोण कुणाची नणंद. फळ्यावर लिहिलं की कुणाचं तरी नाव न घेता घेतल्यासारखं होतं. “लगीन, गणपती, मयत, सगली हीच मानसां, मिस. खडूपायी कोन वाकडां घेईल?”

अशा वेळी शिकवणाऱ्याने स्वतःची एखादी अडचण मांडून दाखवावी, असं पुस्तकात आहे. मी बराच विचार करून सगळ्यांत निरुपद्रवी अशी निवडली आणि लिहिली: रविवारी केलेलं वरण उरतं आणि टाकावं लागतं. उत्तर मला माहीत होतं, लहान भांडं. ते कुणीतरी सांगेल, रकाना भरेल, मग त्यांना धीर येईल, असा माझा हिशेब होता.

आत्या, ज्या माणसांना आठवडे न् आठवडे एक अडचण सापडली नव्हती, ती खुर्च्या ओढून पुढे आली. कारणाच्या मुळाशी जाईपर्यंत ‘का’ विचारत राहायचं, हे मीच शिकवलं होतं. वरण का उरतं? कुकर मोठा आहे. मोठा का? आत्याने दिला. (इथे दोघींनी मान डोलावली. तू त्यांना पसंत आहेस.) आत्याने मोठा का दिला? परक्या गावी चार माणसं येतील-जातील म्हणून. मग माणसं का येत नाहीत? मी म्हटलं, पाऊस असतो. विद्यावती मिस म्हणाल्या, “पाऊस आमच्या घरी पन असतो.” कुणी हसलं नाही. मग त्यांनी माझ्या हातून खडू घेतला आणि कारणाच्या रकान्यात गोल अक्षरांत लिहिलं: मिस कुणाला ये म्हणत नाय.

मी ते पुसलं नाही. कारण चुकीचं आहे असं दाखवता येईल, तेव्हाच पुसायचं असतं.

कारणं मांडायला माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात. सहावीचे चंद्रमोहन चित्रं चांगली काढतात, त्यामुळे त्यांनी नुसता काटा काढला नाही, खवले, कल्ले आणि डोळा असलेला अख्खा मासा काढला. काट्यांवर कुकर, पाऊस, रविवारच्या बस, घरमालकिणीची लेक. डोक्यात लिहिलं ‘मिसचा रविवार’. उपाय त्यांनी मला न विचारता ठरवला. दर रविवारी एका घरी मला जेवायला न्यायचं. एकदा विद्यावती मिसच्या सासरी गेले. एकदा रिव्हिएर दू रांपारला राधाकृष्णांच्या बहिणीकडे. तिने मळ्यातली वांगी पिशवीभर दिली आणि मी नको म्हणाल्यावर आणखी थोडी दिली. एकदा झाकरीच्या (आपला कोकणातला जाखडी नाच) तालमीला नेलं आणि माझ्या हातात टाळ दिले. मी ताल सोडला नाही, पण गाणं कुणीतरी बदललं होतं. प्रत्येक घरून डबा बांधून मिळायचा. चंद्रमोहन दर शनिवारी मला किती उरलं ते विचारून आलेख काढत. आलेख चढत गेला. वाया जाणारं अन्न एवढ्या वेगाने वाढवणारी सुधारणा मी कारखान्यातही पाहिलेली नाही.

माणसं प्रेमळ आहेत. ते मी नाकारत नाही. पण एका शनिवारी मी व्हरांड्यात छत्री झटकत होते आणि आतून ऐकू आलं, “ह्या आयतवारी मिस कुनाकडं?” “तुमच्याकडं ना?” “नाय, आमी मागल्या खेपेला नेली.” त्यात वाईट काही नव्हतं. कामाची वाटणी नीट झाली असेल तर बोलणं असंच होतं. मी थोडा वेळ बाहेरच उभी राहिले. छत्री झटकून झाली होती तरी.

आत जाऊन मी सांगितलं की अडचण सुटली, फळा पुसू या. विद्यावती मिस नाही म्हणाल्या. आम्ही नेतो तो उपाय नव्हे, पट्टी आहे. जखम आत तशीच आहे. कारण नाहीसं झालं तरच अडचण सुटली म्हणायची. “तुमीच शिकवलां, मिस.” मी शिकवलं होतं. माझ्याच शब्दांत त्या बोलत होत्या. मग त्यांनी जबाबदारच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

इन्स्पेक्टर आले आणि माशासमोर बराच वेळ उभे राहिले. सोडवलेली अडचण कुठे, असं त्यांनी विचारलं. राधाकृष्णांनी कोटाची बटणं लावली आणि सांगितलं की सुटलेली नाही. कारण सापडलं आहे, उपाय मिसच्या हातात आहे. वर्ग बंद, असं धरून मी डस्टर उचललं. पण इन्स्पेक्टर बसले. म्हणाले, ज्या शाळेत जातो तिथे सगळं सुटलेलंच दाखवतात. मग त्यांनी जबाबदारच्या रकान्यात माझं नाव पाहिलं, पुढचा रकाना मोकळा पाहिला आणि मला तारीख मागितली. मी पुढच्या सत्राची अखेर सांगितली. तेव्हा ते परत येणार. तोवर वर्ग चालू. ते गेल्यावर माझ्या ओळीखाली कुणीतरी अगदी बारीक अक्षरांत ‘खडूच्या कपाटाची चावी’ लिहिलेलं सापडलं. राधाकृष्णांनी ते वाचलं, कोटातून चावी काढली, कपाटाशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि पावसाविषयी बोलू लागले.

तर असं आहे. काळजीचं कारण नाही. गुडघ्याला थंडीत जप, आणि शेजारच्यांना माझे नमस्कार सांग.

तुझी,
इंदू

ता. क. पाच लिटरच्या कुकरची रिंग सैल झाली आहे. इथे मिळत नाही. सवडीने पाठवावीस.

ता. क. रिंग टपालाने पाठवू नकोस, वाटेत दबते. कुणी बरोबर आणलेली बरी. माझ्या करारात घरच्या एका माणसाचं जाण्या-येण्याचं तिकीट आहे. डिसेंबरपर्यंत चालतं. अजून कुणासाठी वापरलेलं नाही. पुढचं सत्र संपण्याआधीच्या एखाद्या रविवारी विद्यावती मिस, राधाकृष्ण आणि चंद्रमोहन यांना घरच्यांसह माझ्याकडे जेवायला बोलावायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. एवढ्या माणसांच्या वरणाचा मला अंदाज नाही, तुला आहे. तेव्हा तू येशील का? अर्थात फळ्यावरच्या तक्त्यातली तारीख पाळायची म्हणून विचारते आहे.

ता. क. तक्त्यासाठी नाही. ये.