बेटटोल्याचं रक्त

बेटटोला,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. नूतनआत्यास,
नंदिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. इथे फोन लागत नाही, म्हणून पत्र. चैतूभाऊ डोंग्यातून पलीकडे नेतात आणि एसटीच्या कंडक्टरकडे देतात. औषधाच्या खोक्यांच्या पाठीवर तू मला अक्षरं शिकवलीस, तेव्हा हे वाचायचा त्रास तुलाच.

बेटटोला म्हणजे वैनगंगेच्या पात्रातलं एवढंसं बेट. गोंडांची एकच वस्ती, तिला इथे टोला म्हणतात; पूल नाही, दवाखाना नाही. मी चैतूभाऊंच्या घरी राहते. त्यांची बायको बुधरीबाई, मुलगी स्वाती. माझं काम दुहेरी: सिकलसेलच्या संशोधनासाठी घरोघरचे रक्ताचे नमुने गोळा करायचे, आणि संशोधन चालवणाऱ्या आमच्या सरांच्या अहवालासाठी बेटावरच्या औषधपाण्याचा इतिहास लिहायचा.

बुधरीबाईला इतिहास विचारला तर ती हसत सुटली. म्हणे, सोपा हाये बाई, सुईवाले येतात, रक्त नेतात, बिस्किटं देतात आन् मंग दिसत नाई. एक पथक तिच्या सासऱ्याच्या काळात, एक तिच्या लग्नाच्या साली, आणि आता आम्ही. पहिल्या पथकाने काढलेले फोटो कुठल्याशा मोठ्या पुस्तकात छापले म्हणतात. ते पुस्तक इकडे कधी आलं नाही.

मला इतकी शरम वाटली की प्रत्येक दारात सांगितलं, निकाल मी स्वतः आणून देईन. सरांना आधी विचारलं होतं. ते हो म्हणाले होते. तरी धाकधूक आहे. मी चूक केली का?

स्वातीचं लग्न याच टोल्यातल्या धनराजशी ठरतंय. ती सहा देवांच्या घरची, तो सात देवांच्या, म्हणून सोयरीक जुळते. एकाच देवसंख्येची घरं भाऊबंद मानतात, त्यांच्यात लग्न होत नाही. स्वाती मला सुईबाई म्हणते.

तब्येत सांभाळ, आणि रागावायचं असेल तर भरपूर रागव.
तुझी,
नंदिनी


ऊर्जानगर,
२ डिसेंबर २०२४

चि. नंदिनीस,
आत्याचे आशीर्वाद.

अक्षर डाक्टरसारखं होऊन राह्यलं तुझं. एवढ्यासाठी शिकवलं होतं काय?

जे आपल्या हातात नाई ते कबूल करू नये, हे मी तुले हजारदा सांगितलं. पण आता कबूल केलं ना? मंग सर काय म्हणतात ते नंतर. मी नर्स म्हणून अख्खी नोकरी केली. रक्त घेतेवेळी सगळ्यांची जीभ गोड असते. निकाल द्यायच्या वेळी साहेब मिटिंगमध्ये असतात.

भद्रावतीले तुझे आईबाबा मजेत आहेत. आई विचारत होती, बेटावर साप आहेत काय. मी म्हटलं, पोरीले सापाची भीती नाई, सरांची आहे.

माया आहेच. स्वेटर घालत जा.
तुझी आत्या,
नूतन


नागपूर,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षराला क्षमा कर.

निकाल आले आहेत. सर म्हणतात, आत्ता सांगायचे नाहीत. आधी परिषदेत निबंध वाचायचा, मग बघू. मी कबुलीची आठवण दिली, तर म्हणाले की अडाणी लोकांत घबराट पसरेल, त्यांना वाहक म्हणजे काय ते कळणार नाही. मी लिहिलेलं इतिहासाचं प्रकरणही सरांनी परत पाठवलं. फार कडू झालंय म्हणे. बेटाने विज्ञानाला दिलेलं योगदान असं काहीतरी लिहा. आत्या, योगदान देणाऱ्याला आपण काय दिलं ते तरी माहीत असतं!

स्वाती वाहक आहे. धनराजही वाहक आहे. दोघांना स्वतःला काहीच होणार नाही, पण त्यांच्या प्रत्येक मुलाला सिकलसेल होण्याचा धोका आहे. साखरपुडा याच महिन्यात झाला. उन्हाळ्यात लग्न.

मी गप्प राहिले तर ते पाप. पण एकाचा निकाल दुसऱ्याला सांगणं हाही गुन्हाच, तशी सही मी केली आहे. मला काहीच सुचत नाही. तू सांग.

तुझी,
नंदिनी


ऊर्जानगर,
१ मार्च २०२५

चि. नंदिनीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी गॅस बंद करायचं विसरली आन् बसून राह्यली. पोळी जळाली ते वेगळंच.

तुझ्या आईबाबांचं रक्तही असंच नेलं होतं. त्यांच्या लग्नाच्या आधी, समाजमंदिरातल्या शिबिरात, बाहेरून आलेल्या पथकानं. दोघंही रांगेत उभे होते, मी पाहिलं. कोणी परत आलं नाई. निकाल आपल्याले कोणी सांगितला? राजदीपनं सांगितला. आठवते ना, तुझा भाऊ हात धरून कसा वरडायचा, हाडं मोडून राह्यली म्हणून. तो गेला तेव्हा एक डाक्टर मले म्हणाला, लग्नाआधी तपासायला पाहिजे होतं. मी त्याच्या थोबाडात मारली नाई, याचा मले आजही राग येते.

घबराट पसरेल म्हणे. पसरू दे ना! घबराट हा त्यांचा हक्क आहे.

आता तुझ्या सहीचं. ज्याचं रक्त त्याचा निकाल. ज्याचा त्याले सांग, त्याच्या दारात, त्याले एकट्याले. दुसऱ्याचा सांगू नको. पुढचं ते आपसात बोलतील, त्यांले तोंड आहे. नोकरी जाईल. घरी ये, मी वरण-भात घालीन.

उशीर नको करू.
आत्या


बेटटोला,
१५ मार्च २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सांगितलं. घरोघर फिरले, ज्याचा निकाल त्यालाच. स्वातीला तिचा, धनराजला त्याचा. संध्याकाळी दोघं नदीवर जाऊन बोलले आणि परत येऊन दोन्ही घरांसमोर उभे राहिले. स्वातीने मला सर्वांपुढे समजावून सांगायला सांगितलं.

मी कोळशाने जमिनीवर गोल काढले, अर्धे काळे केले, बाण ओढले. कोणाला काही कळेना. धनराजचा बाप चिडून म्हणाला, पोरीत खोट हाये म्हणतेस का आमच्या पोरात, एक सांग. मी म्हटलं, खोट कोणातच नाही, आणि लग्न करू नका असंही मी सांगत नाही; मोठ्या दवाखान्यात पोटातलं मूल तपासता येतं. कोणी ऐकत नव्हतं. मग स्वातीच बोलली. म्हणाली, देवाच्या हिशोबानं आम्ही सोयरे, पण रक्ताच्या हिशोबानं एकाच देवाचे निघालो. बस, एवढंच. सगळ्यांना कळलं, सरांना जे सांगता येणार नाही असं वाटत होतं ते.

लग्न मोडलं. धनराज मोहफुलं वेचायला म्हणून जंगलात गेला तो अजून परतला नाही. बुधरीबाईने माझे आभार मानले नाहीत. माझ्यावर तुटून पडली. काऊन उशीर केला, म्हणाली, साखरपुड्याच्या आधी तुले डोंगा भेटला नाई का? मग तिने बोलणं सोडलं. जेवायला वाढत होती, पण ताट आपटून.

आज सकाळी सरांची गाडी पलीकडच्या काठाला आली, पुढच्या फेरीचं रक्त घ्यायला. सोबत नमुन्यांची पेटी आणि कॅमेरेवाला. त्यांनी डोंग्यासाठी हाक मारली. चैतूभाऊंनी डोंगा ओढून वाळूत उलटा केला आणि त्यावर बसले. ओरडून म्हणाले, सायेब, पेटी घरी ठेवून या. आधी जुन्या रक्ताचे निकाल, समद्या घरांचे, माह्या बापाच्या वेळेपासूनचे. मंग डोंगा. हळूहळू सगळा टोला वाळूत येऊन बसला. कोणी दगड उचलला नाही, कोणी शिवी दिली नाही.

सर मला पाहून ओरडायला लागले, नंदिनी, यांना जरा समजाव. इतके महिने त्यांचं बोलणं मीच इथे समजावत आले होते. मी बुधरीबाईजवळ गेले आणि वाळूत बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त जरा सरकली आणि आपल्या लुगड्याचा पदर माझ्या उन्हातल्या डोक्यावर टाकला.

गाडी अजून तिथेच उभी आहे. आम्हीही वाळूत बसूनच आहोत.

वरण-भात थोडा उशिरा घाल. माया आहेच, तुझा रागही असाच राहू दे.
तुझी,
नंदिनी