सारेची अडतीस पत्रे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, ख्रिस्ती माध्यमिक शाळेची पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, सेवानिवृत्त शिक्षिका, माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे, पण राग म्हणजे दबाव नव्हे, असे वकीलबाईंनी सांगितले.

कलम १. घर. हे जोडघर आहे. पलीकडच्या अर्ध्यात माझे दीर, शाळेचे माजी मुख्याध्यापक, राहतात. माझा अर्धा भाग माझ्या पगारातून बांधलेला व माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमान वारले, मूलबाळ नाही, त्यामुळे दीर गेली आठ वर्षे माझी पुढची खोली डोळ्यांनी मोजत आहेत. गेल्या महिन्यात तर सुतारालाच घेऊन आले. "वहिनी, मधली भिंत काढली की हॉल कसा ऐसपैस होईल!" बाई अजून चालत्याबोलत्या आहेत हे पाहून सुतार बिचारा ओशाळला. दीर नाही ओशाळले.

हे संपूर्ण घर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीस देत आहे. वर्गात तिला सगळे ठिणगी म्हणत.

कलम २. कारण. कायद्याने कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी अब्राहामाचा धडा घेत होते. बाप मुलाला बळी द्यायला डोंगरावर नेतो, देव शेवटच्या क्षणी त्याचा हात थांबवतो. मागच्या बाकावरून ठिणगीने विचारले, "बाई, पण घरी त्याच्या बायकोला, सारेला, कुणी सांगितलं होतं का? आई होती ना ती?"

मी म्हणाले, "लिहिलेलं नाही. मला माहीत नाही."

शिक्षकाने हे शब्द उच्चारले की वर्ग एकदम जागा होतो, हे मला त्या दिवशी कळले. मी सांगितले, सारेने नवऱ्याला पत्र लिहिले असते तर काय लिहिले असते, ते उद्या लिहून आणा. अडतीस मुलामुलींनी पत्रे आणली. एरवी उत्तराच्या दोन ओळी लिहिताना ज्यांची बोटे दुखत, त्यांनी पानेच्या पाने भरली. ठिणगीचे पत्र मला आजही पाठ आहे: "देवाने मला का विचारलं नाही, ते मी देवाला विचारीन. तुम्ही का विचारलं नाहीत, ते तुम्ही सांगा. मुलगा दोघांचा होता. स्वयंपाक झाकून ठेवलाय. मी पोराला घेऊन माहेरी चालले."

शेजारच्या खोलीतून कान देऊन ऐकणाऱ्या आमच्या संगीत शिक्षिकेने ही पत्रे माझ्या कपाटातून काढली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळी शाळा मैदानात उभी असताना दिरांनी पत्रांचा ढीग केला. ठिणगीला पुढे बोलावले. "माफी माग."

"कशाची, सर? मी प्रश्न विचारला होता."

दिरांनी माझ्याकडे हात केला. "वहिनी, काडेपेटी द्या." प्रार्थनेच्या मेणबत्त्या माझ्याकडे असत. काडेपेटी पदराआड माझ्या मुठीत होती.

मी ती दिली.

ठिणगीने माफी मागितली नाही, म्हणून तिचे नाव पटावरून काढले. दुसऱ्या कुठल्या शाळेने घेऊ नये असा शेराही दाखल्यावर मारला. तिचे शिक्षण तिथेच सुटले. माझी नोकरी राहिली. पुढची दहा वर्षे मी शास्त्र शिकवले. एकानेही प्रश्न विचारला नाही. निकाल शंभर टक्के.

सहा वर्षांपूर्वी मीच तिला शोधत गेले. शाळा सुटलेल्या मुलींचा वर्ग ती बेकरीच्या मागच्या खोलीत चालवते. बाहेरून परीक्षा देऊन तिने स्वतःचे शिक्षण पुरे केले होते. मी रडण्याची तयारी करून गेले होते. ती म्हणाली, "काडेपेटी तुम्ही दिलीत, ते मी पाहिलं होतं, बाई. ते मी विसरणार नाही. खडू तिथे आहे. शनिवारचा तास घ्याल?" तेव्हापासून मी घेते.

कलम ३. घराची अट. वर्ग पुढच्या खोलीत भरावा. दिरांच्या व्हरांड्याकडच्या दोन्ही खिडक्या तास चालू असताना सताड उघड्या ठेवाव्यात. मुलींनी प्रश्न मोठ्याने विचारावेत.

कलम ४. माझे कानाचे यंत्र संगीत शिक्षिकेस द्यावे. दुसऱ्यांच्या खोलीतले ऐकण्याची तिची हौस जुनी आहे. वयामुळे त्यात खंड पडू नये.

कलम ५. माझ्या अंत्यविधीत दिरांनी प्रार्थना म्हणू नये. त्यांना शेवटच्या रांगेत बसवावे. टेकायला काही देऊ नये.

कलम ६. चर्चचे पाळक मला म्हणाले, "बाई, आयुष्यभर क्षमा शिकवलीत, आता करून टाका." मी म्हणाले, "मागू तर देत. आमच्यात एकच भिंत आहे. बोटाने टकटक केलं असतं तरी ऐकू आलं असतं." तरीही लिहिते: माझ्या हयातीत दिरांनी ठिणगीची, माझी नव्हे, माफी मागितली, तर कलम ३ मधली खिडक्यांची अट व कलम ५ रद्द समजावे. घर मात्र तिचेच.

ठिकाण: माझे राहते घर. दिनांक ७ मार्च २०२५.
सही
साक्षीदार: १. दवाखान्याचे डॉक्टर (सही) २. शाळेचे निवृत्त शिपाई (सही)

पुरवणी. परीक्षेत मुले पुरवणी मागत, तशी मी आज मागून घेतली आहे.

काल संध्याकाळी दीर काठी टेकीत आले. शिपायाकडून त्यांना कळले होते. उभ्याउभ्याच म्हणाले, "घर परक्या बाईला दिलंत म्हणे. कोण ही?"

मी सगळे सांगितले. मैदान, पत्रे, काडेपेटी. खरे सांगायचे तर मी वाट पाहत होते. त्यांनी एक शब्द जरी काढला असता, तरी मी त्यांना खुर्ची दिली असती.

ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "अशी कितीतरी पोरं काढली आम्ही. नाव काय होतं हिचं?"

म्हणून कलम ६ मधली सवलत मी काढून घेत आहे, आणि पुढील कलम जोडीत आहे.

कलम ७. दिरांच्या व्हरांड्यासमोरच्या माझ्या भिंतीवर एक पाटी लावावी. तीवर ठिणगीचे खरे नाव, वडिलांच्या नावासह व आडनावासह, पूर्ण लिहावे. अक्षर एवढे मोठे असावे की त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल. पाटीसाठी मी मरेपर्यंत थांबू नये. रंगारी उद्या सकाळी येत आहे.

दिनांक ९ मार्च २०२५.
सही
साक्षीदार: तेच दोघे (सह्या)