बारशाचा पेला

आई, तुझा बारशाचा काचेचा पेला आज पुन्हा खिडकीतल्या तिरप्या उन्हात धरून पाहिला. तुमच्या लग्नाच्या फोटोखाली दोघांची जन्मसालं लिहायची, असं भावाने ठरवलं आहे, आणि तुझं साल पक्कं करण्याचं काम माझ्याकडे आलं. कारण निवृत्तीनंतर मला जुने, आठवण म्हणून विकले गेलेले पेले ओळखण्याचा छंद जडला आहे. हे पेले बोलके असतात, फक्त त्यांना क्रमाने विचारावं लागतं. आधी बूड पाहायचं: फुंकून घडवलेल्या पेल्याच्या बुडाशी पुष्कळदा काच धरायची सळई तोडल्याचा खडबडीत वण असतो. मग साच्याची शिवण बोटाने चाचपायची. शेवटी चित्र. पेला चित्राहून जुना असू शकतो. चित्र मात्र त्यात दाखवलेल्या वस्तूहून जुनं असूच शकत नाही.

मी लहान आहे, त्यातून पाणी पिते आहे आणि तू भाकरी थापता थापता थांबतेस. "नीट धर, मना बारसाना पेला शे हाऊ." भुसावळला रेल्वेत असलेल्या तुझ्या वडिलांनी तो बारशाला आणला, आणि तू 'चले जाव'च्या सालची, असं घरात सगळेच सांगत. राखेने घासून घासून त्यावरचा रंग उडाला आहे. पण रंग गेला तरी त्याखालची काच निराळी चमकते. उन्हात झेंड्याचे तीन पट्टे उमटले. मधे चरखा असणार, अशा खात्रीने मी भिंग लावलं, तर दिसल्या चक्राच्या आऱ्या. झेंड्यावर चक्र आलं ते स्वातंत्र्याच्या वेळी, 'चले जाव'नंतर पाच वर्षांनी.

पेला बारशानंतरचा असेल, ही शंका उरली होती. म्हणून धुळ्याला तुझ्या थोरल्या बहिणीकडे गेले. पेल्यावरून वय निघायला लागलं तर जोशीबुवा उपाशी मरतील, म्हणून मावशी आधी खूप हसली. मग म्हणाली की बारशाच्या दिवशी याच पेल्यातून दूध हवं म्हणून तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मग तुझं वय वाढवलं कुणी? लग्न जमवणाऱ्यांनी. "बठ्ठा वाढाईसनीच सांगेत, माय." तेव्हा सगळेच वाढवून सांगत, म्हणे.

लग्नाचं साल फोटोच्या मागेच लिहिलेलं आहे. लग्नात अठरा सांगितलेली तू तेरा वर्षांहून मोठी नव्हतीस. तेव्हापासून एक दुपार मला वेगळी दिसू लागली आहे. ओट्यावर तू आमच्यात बसून सागरगोटे खेळते आहेस, आजीची चाहूल लागते आणि तू ते पदराखाली सारून उभी राहतेस. आमचं मन राखायला खेळतेस, असं मी इतकी वर्षं समजत होते.

भाऊ काल पुन्हा विचारत होता. पेला फार झिजलाय, त्यावरून काही कळत नाही, असं मी त्याला सांगितलं.