आपल्याला काही दुखत नाही

१३ एप्रिल २००६, गुरुवार

आज बैलबाजार. ऊन मरणाचं. डांबर वितळून चपलेला चिकटत होतं.

दुपारी नळावर पाणी प्यायला वाकलो, तर डाव्या पायात चप्पलच नाही. ती गेटजवळ पडलेली सापडली. म्हणजे गेटपासून नळापर्यंत एक पाय अनवाणी आलो आणि मला पत्ता नाही. तळवा पाहिला. थोडा लाल. दुखणं शून्य. अब्दुल गफ्फार, म्हणजे बाजारातला दुसरा मोठा दलाल आणि माझा जुना दोस्त, चपला घालूनसुद्धा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत होता.

विचार केला. निष्कर्ष असा की माझं मन शरीराच्या वर गेलेलं आहे. लोक यासाठी हिमालयात जातात. मला नांदगाव खंडेश्वरातच जमलं. बियाण्याच्या कंपनीने दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी होती. आजपासून रोज लिहिणार.

१६ एप्रिल

दोन दिवस लिहिणं जमलं नाही. पाहुणे.

चपलेची गोष्ट घरात सांगितली. जमुना (सौ.) म्हणाली, ‘‘शुगरच्या गोळ्या काऊन बंद केल्या तुमी?’’ विषय काय, ही बोलते काय. मागे एका डॉक्टरने शुगर आहे असं सांगितलं होतं. मी ती मानली नाही. न मानलेली गोष्ट वाढत नाही, हा माझा अनुभव.

१८ एप्रिल

रागिणी आली. अमरावतीला नर्सिंग करते, पहिलं वर्ष. सुट्टी असूनही पुस्तक सोबत. पोरगी हुशार, माझ्यावर गेली.

तिने पुस्तक उघडून समजावलं. कातडीत म्हणे रिसेप्टर असतात. नुसता स्पर्श कळायला वेगळे, दाब कळायला वेगळे, गरम-थंडाचे वेगळे, आणि दुखण्याची तर उघडी टोकंच. बोटांच्या शेंड्यांत दाटीवाटीने. सांध्यांत आणि स्नायूंत आणखी निराळे, ते डोळे मिटूनही हात-पाय कुठे आहेत ते सांगतात. सगळ्यांचा निरोप नसांवाटे मेंदूकडे जातो.

मी म्हटलं, ही तर महसूल खात्याची पद्धत झाली. गावात आग लागली की तलाठ्याचा कागद तहसिलीत, तहसिलीतून कलेक्टरकडे. कलेक्टर म्हणजे मेंदू. माझ्या कलेक्टरने फाईल दाबली, म्हणून आग नाही. ती म्हणाली, ‘‘बाबा, आन् इकडं तलाठीच मेला असन तर?’’ शुगरने लांबच्या नसा आधी मरतात, पाय पहिले आणि मग हाताची बोटं, असंही काहीबाही बोलली. पहिल्या वर्षाला इतकंच शिकवतात. पुढच्या वर्षी मनाचा चॅप्टर येईल तेव्हा कळेल तिला.

२० एप्रिल, गुरुवार

बाजारात विकणारे रांगेने, घेणारे हाताच्या बोटांवर. पेपरात शेतकऱ्यांचं रोज काय छापून येतं ते इथे लिहीत नाही. गावोगाव जीप फिरतात, त्यात शहरातले लोक. ते शेतकऱ्याला गोल बसवून श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. श्वास तर तो घेतोच. त्याला आज गरज आहे ती न दुखण्याची.

ठरलं. शिबिर घ्यायचं. ‘वेदनामुक्त शेतकरी, तीन दिवसांत.’ मार्गदर्शक मीच. गफ्फारभाईला आयडिया सांगितली. त्याने बैलाच्या शेपटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, ‘‘खुशालराव, ज्याले दुखत नाई त्याले बाजारात आमी आजारी जनावर म्हणतो.’’ अब्दुलला शिक्षण नाही. दोष देत नाही.

२३ एप्रिल

सकाळी मोरीत तोंड धुताना साबणासाठी डोळे मिटले आणि सरळ भिंतीवर गेलो. कपाळाला टेंगूळ. मोरीची फरशी उतरती आहे, हे मी बांधकामाच्या वेळीच बोललो होतो. मिस्त्री बोलावला. त्याने लेव्हल लावून पाहिली. फरशी एकदम सरळ. त्याची लेव्हल खराब आहे.

संकल्प: तोंड डोळे उघडे ठेवून धुवायचं.

२४ एप्रिल

डोळ्यांची आग आग. म्हणजे दुखण्याची शक्ती माझ्यात शाबूत आहे, मी ती फक्त निवडक ठिकाणी वापरतो. रागिणीला हा पुरावा दाखवला. ती आईला घेऊन आत गेली आणि दोघी बराच वेळ कुजबुजल्या.

२८ एप्रिल

शिबिराची रंगीत तालीम. ओसरीवर शेजारचे चार जण. चुलीवरून उतरलेलं चहाचं पातेलं चिमट्याशिवाय उचललं आणि भाषण करत धरून ठेवलं. लोक थक्क. जमुनेने पातेलं हिसकावलं. हिसकावताना तीच भाजली आणि ओरडली. किती फरक असतो माणसामाणसांत.

३० एप्रिल

बोटांना फोड आलेत. कातडी कच्ची, मन पक्कं.

४ मे, गुरुवार

लिहावं की नाही असा दिवस. लिहितो.

शेतकरी नत्थुजीची बैलजोडी विकायची होती. हातची जोडी, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. यंदा वावर बटईने, म्हणजे वाट्यावर दुसऱ्याला कसायला दिलं, म्हणून बैल नको. त्याच्याकडून दलाल मी, घेणाऱ्याकडून गफ्फारभाई. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात द्यायचा आणि बोटं दाबायची. चार बोटं धरली तर चार, अंगठ्यासकट पंजा धरला तर पाच. भोवती शंभर माणसं असली तरी दोन हातांच्या बाहेर काही जात नाही. एकदा मान हलवली की सौदा पक्का, त्यात बदल नाही. माझी सगळी हयात त्या रुमालाखाली गेली.

दहाच्या वर किती हजार, एवढंच ठरायचं होतं. गफ्फारने दाबलं. पंजा. मी मान हलवली. रुमाल काढला तर तो म्हणतो चौदा, मी म्हणतो पंधरा. नत्थुजी माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

शेवटी गफ्फारने वरचे एक हजार स्वतःच्या खिशातून नत्थुजीला दिले. म्हणजे चूक कोणाची ते उघड आहे. शिवाय त्याचा रुमाल नवा होता, जाडाभरडा. असल्या रुमालातून कोणालाच काही कळणार नाही.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘हात असा लाकडावानी काऊन झाला तुमचा? मी दाबून राहिलो होतो, तुमी दाबलंच नाई. मले वाटलं तुमी झोपले.’’ माणूस आपली चूक लपवायला काय काय बोलतो.

५ मे

रात्री एकटाच बसून डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं दाबून पाहिली. डोळे मिटून. चार की पाच हे मला बरोबर आलं. पण दाबणारा मीच होतो, हे नंतर लक्षात आलं.

११ मे, गुरुवार

बाजारात दिवसभर रुमाल खांद्यावर. कोणी हात पुढे केला नाही. एका व्यापाऱ्याने तर मला भाव मोठ्याने सांगितला, बहिऱ्याला सांगावा तसा. चार लोक हसले. मी पण हसलो.

विचार करता ही पद्धत चांगली आहे. पारदर्शक. आता सगळीकडे पारदर्शकता आहे. बाजारात तिची सुरुवात माझ्यापासून झाली, याची नोंद असावी. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. ऊन लागलं असेल.

१८ मे, गुरुवार

बाजारातून घरी आलो. जमुना दारातच ओरडली. ओसरीभर रक्ताचे ठसे, डाव्या पायाचे, एकामागे एक. तिला वाटलं कुत्र्याने काही आणून टाकलं. रागिणीने मला बसवलं, पाय मांडीवर घेतला, चप्पल ओढली. चप्पल निघेना. बैलांना नाल ठोकतात त्यातला खिळा चपलेतून आरपार पायात गेलेला. नालबंदाच्या झाडाखाली मी सकाळी उभा होतो. म्हणजे सकाळपासून.

खिळा काढला. काही नाही. मी म्हटलं, बघा, हूं नाही की चूं नाही, शिबिरात हेच सांगायचं आहे. रागिणी खिळा हातात धरून रडायला लागली. मला दुखत नाही तर ही का रडते? जरा रागावलो. नंतर वाईट वाटलं.

२१ मे

पाय सुजला. बोटं काळपट. हळद लावली. खोलीत एक वास आहे, उंदीर मेला असावा. जमुनेला माळा साफ करायला सांगितलं. तिने माळ्याकडे नाही, माझ्या पायाकडे बघितलं.

२३ मे

ताप. शिबिर पुढे ढकललं. रागिणी म्हणते अमरावतीला जा लागते. म्हटलं पुढच्या आठवड्यात पाहू. ती मला न विचारता गफ्फारकडे गेली.

२४ मे

गफ्फारभाईने स्वतः गाडी आणली. बैल नेतो तीच. पुढे रागिणी आणि मी, मागे वळकटी घेऊन जमुना. गफ्फार वाटभर खड्डे चुकवत होता. रुमालाच्या भांडणाबद्दल मी त्याला माफ केल्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘बरं झालं.’’

दवाखाना मोठा. डॉक्टर तरुण. टेस्ट घेतली. डोळे मिटा, पायाला टोचलं की हो म्हणा. मी स्पष्ट आवाजात हो म्हणत गेलो. एकही चुकवलं नाही. मग कंप देणारा लोखंडी चिमटा घोट्याला लावला. मी म्हटलं, येतोय, चांगला येतोय. मग अंगठा धरून विचारलं, वर केला की खाली? वर, खाली, वर. शाळेत तोंडी परीक्षा माझी नेहमी चांगली जायची.

बाहेर आल्यावर रागिणीला विचारलं, किती मार्क? ती बाकावर माझ्याजवळ बसली. हळूच म्हणाली, ‘‘बाबा, तुमी हो हो म्हणून राहिले होते ना, तवा डॉक्टर तिकडं हात धुऊन राहिले होते. त्यायनं सुरूच नव्हतं केलं.’’

चिमट्याचं विचारलं. तो वाजत नव्हता म्हणे. अंगठ्याचं विचारलं नाही.

२६ मे

लिहिण्यासारखं काही नाही. वॉर्डातला पंखा फिरतो. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा रात्रभर कण्हत होता. इतरांना त्याचा त्रास. मी ऐकत पडलो होतो. मला त्याचा हेवा वाटला. कारण लिहीत नाही.

२९ मे, सकाळ

आज ऑपरेशन. डाव्या पायाचा अंगठा आणि बाजूची दोन बोटं काढणार. पुढे जाऊ नये म्हणून. हाताच्या बोटांचं काय, ते मी विचारलं. गेलेलं परत येणं कठीण, आहे ते सांभाळा, म्हणाले.

डॉक्टर स्वभावाने चांगला. माझं तोंड उतरलेलं बघून कॉटवर बसला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काका, घाबरू नका, तुम्हाला अजिबात दुखणार नाही.

मला रडू आलं.