बैठकीतली शेकोटी पेटवू नका

अहो,

आईले मोठ्या दवाखान्यात भरती केलं आहे. आता बऱ्या आहेत, घाबरू नका. त्यांचं लुगडं न्यायले मी घरी आली. शेजारच्या तुळजाबाई त्यांच्याजवळ बसल्या आहेत.

तुम्ही सकाळी उमरेडले गेले अन् आईनं थंडी वाजते म्हणून बैठकीच्या खिडक्या लावून तुमची गॅसची शेकोटी पेटवली. मी मागे कपडे धुवून राहिली होती. आत आली तर त्या खुर्चीत कलंडलेल्या, हाक मारली तर ओ देईनात. मी अन् तुळजाबाईनं त्यांना उचलून व्हरांड्यात आणलं, तिथून रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, जळलेली हवा बाहेर जायले वाटच नव्हती. कबुतरं येतात म्हणून शेकोटीवरच्या जुन्या चिमणीवर पत्रा ठोकलेला आहे, हे मी तुम्हाले दोनदा सांगितलं. शेकोटी गॅसवाल्या मेकॅनिककडून बसवून घ्या, हेही सांगितलं. पण तुम्हाले मासिकातल्या फोटोसारखे शेकोटीत मांडायचे मातीचे खोटे ओंडके कुंभाराकडून करून आणायची घाई. माझं ऐकाले काय झालं होतं?

सिलिंडर बंद करून अंगणात ठेवला आहे, तो आत आणू नका. पोळ्या डब्यात आहेत. जेवूनच दवाखान्यात या.

शुद्धीवर आल्यावर आई म्हणाल्या, "मधुकरले सांगू नको वं, त्यानं माझ्यासाठी हौसेनं केलं." मी हो म्हटलं. तवा हे वाचून फाडून टाका, अन् त्यांच्यासमोर चूप राहा.

गोपिका